तरुण दिसण्याची हौस आणि दोघांचा संसार : पन्नाशीच्या आसपासच्या जोडप्यांसाठी

मुलामुलींची लग्ने ठरू लागतात त्या वयात अनेक घरांत एक नवाच खर्च आणि त्यासोबत एक नवाच ताण शिरतो. नवरा रविवारी न्हाणीघराचे दार लावून केसांना काळा रंग लावू लागतो, बायको गालांवरच्या वांगासाठी शेजारणीने सांगितलेले क्रीम आणते, एकजण व्यायामशाळेचे वर्षाचे पैसे भरून मोकळा होतो, दुसरी समारंभाच्या छायाचित्रांत मागच्या रांगेत उभी राहू लागते. या सगळ्याविषयी दोघे एकमेकांशी सरळ बोलत मात्र नाहीत, कारण वय झाल्याची कबुली देणे आणि ती जोडीदाराने ऐकणे, दोन्ही अवघड वाटते.

तरुण दिसावेसे वाटण्यात गैर काहीच नाही, आणि ही हौस सोडून द्या असे या लेखात सांगायचेही नाही. प्रत्येक हौसेपाशी थांबून एक प्रश्न विचारायची सवय दोघांनी लावून घ्यावी, एवढेच सांगायचे आहे : हिची किंमत कोण मोजतो आहे? महाभारतातील ययातीला शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारपण आले, कारण देवयानीशी लग्न करून त्याने शर्मिष्ठेशी चोरून संबंध ठेवले होते. ते म्हातारपण त्याने पुरू या आपल्या मुलाच्या अंगावर टाकले आणि त्याचे तारुण्य स्वतः भोगले. पुराणातले शाप आता राहिले नाहीत, पण एकाने तरुण दिसायचे आणि त्यापायी घरातल्या दुसऱ्याने झिजायचे, हा व्यवहार मध्यमवर्गीय संसारांतही बिनबोभाट चालतो. तो आपल्या घरी चालला आहे का, हे ओळखता आले की पुढचे निर्णय बरेच सोपे होतात.

हौस, गरज आणि आजार वेगळे काढा

सुरुवात खरेदीपासून करू नये. आपल्याला नेमके काय बदलायचे आहे आणि कोणासाठी, हे आधी एकमेकांना सांगावे. मुलीच्या लग्नात केस काळे दिसावेत ही हौस आहे. विक्रीच्या नोकरीत बावन्नाव्या वर्षी तिशीतल्या मुलांच्या बरोबरीने उभे राहायचे म्हणून केस रंगवणे ही त्या माणसाची गरज आहे, आणि तिची घरात थट्टा होणे त्याला फार लागते. तिसरा प्रकार आजाराचा, आणि तो सौंदर्याच्या खात्यात टाकला गेला की वेळ वाया जातो.

बायकोचे केस विंचरताना एकाएकी मूठभर येऊ लागले, तर तेल आणि शांपू बदलण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्यावे. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा मानसिक धक्का यांनंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस गळतात आणि बहुधा काही महिन्यांत परत येतात. मानेच्या मागे आणि काखेत त्वचा काळी, जाड, मखमलीसारखी झाली असेल तर ती मळ समजून घासू नये, कारण शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते आणि तिथे खरी गरज रक्तातील साखर तपासण्याची असते. ‘मान जरा घासत जा’ असे वर्षानुवर्षे एकमेकांना सांगत राहिलेली आणि मधुमेहाचा पत्ता फार उशिरा लागलेली जोडपी कमी नाहीत.

बोलायचे कसे

मराठी घरात कौतुकाची टंचाई जुनीच आहे. ‘बरं दिसतंय’ ही आपल्याकडे प्रशंसेची परमावधी समजली जाते. टोमण्यांचा पुरवठा मात्र भरपूर असतो, आणि तो बहुतेक वेळा चारचौघांत होतो. ‘अहो, लोक तुम्हाला माझे वडील समजतील’ किंवा ‘हिच्याच वयाची ती बघा, कशी राहते’ ही वाक्ये पाहुण्यांसमोर विनोद म्हणून खपून जातात, पण ती ज्याच्यावर पडतात तो माणूस दुसऱ्याच दिवशी कुठल्या तरी जाहिरातीला बळी पडतो. म्हणून पहिला नियम असा ठेवावा की एकमेकांच्या वयावर, केसांवर आणि पोटावर तिसऱ्या माणसापुढे बोलायचे नाही. सासूने, नणंदेने किंवा मित्राने असे बोलणे काढलेच, तर ज्याचे ते नातेवाईक त्याने जागच्या जागी विषय थांबवावा. घरी आल्यावर ‘तू मनावर घेऊ नकोस’ असे समजावण्याचा फारसा उपयोग होत नाही.

विषय काढायचा असेल तेव्हा स्वतःच्या शरीरापासून सुरुवात करावी. ‘मला हल्ली आरशात बघताना बाबाच दिसतात, आणि थोडी भीती वाटते,’ असे नवऱ्याने म्हटले की बायकोलाही आपली भीती सांगता येते. याउलट जुना अल्बम उघडून ‘तेव्हा किती छान दिसायचीस’ असे म्हणणाऱ्याच्या मनात कौतुकच असते, पण ऐकणारीला तो ताळेबंद वाटतो. कौतुक आजचे असावे आणि नेमके असावे : हा रंग तुला खुलतो, ही दाढी तुम्हाला शोभते, काल तू बोलत होतीस तेव्हा सगळे ऐकत होते.

‘मी म्हातारी दिसते का?’ हा प्रश्न आला की नवरे घाईघाईने ‘छे, अजिबात नाही’ म्हणतात. ते खोटे आहे हे दोघांना कळते, आणि पुढची खरी स्तुतीही मग स्वस्त होते. ‘केस पिकलेत, हे खरं. तुला त्याचा त्रास होतोय का?’ हे उत्तर अधिक चांगले, कारण त्यात वस्तुस्थिती आहे आणि पुढे बोलायला जागाही आहे.

केसांचा रंग

रंगवायचे ठरले तर ते एकत्र करावे. डोक्याचा मागचा भाग स्वतःला दिसत नाही आणि रंग मानेवर ओघळतो. दुसऱ्याने ब्रश धरला की काम नीट होते आणि चोरीही संपते.

काळ्या आणि गडद तपकिरी कायमस्वरूपी रंगांत बहुधा पॅराफेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी, हे रसायन असते आणि अनेकांना त्याची ॲलर्जी होते. ही ॲलर्जी पहिल्याच वेळी दिसेल असे नाही. वर्षानुवर्षे बिनधोक वापरल्यानंतर एके दिवशी टाळूला खाज येते, पापण्या सुजतात, कपाळावर पुरळ उठते. म्हणून नवा रंग वापरण्यापूर्वी पाकिटावरील सूचनेप्रमाणे तो कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून ४८ तास वाट पाहावी. लग्नाच्या आदल्या दिवशी नवा ब्रँड आणू नये. एकदा अशी सूज येऊन गेली असेल, तर पुढच्या वेळी ती अधिक तीव्र येण्याची शक्यता असते, त्यामुळे ‘थोडाच लावतो’ हा मोह टाळावा. ‘काळी मेंदी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही पुष्कळदा हेच रसायन असते. मेंदीची खरी पाने केसांना तांबूस रंग देतात; मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावली तर काळ्याकडे झुकणारा रंग येतो, पण त्याला वेळ आणि चिकाटी लागते.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे तीन-चार आठवड्यांत भांगात पांढरी रेघ दिसू लागते. ज्या दिवशी ही रेघ घराबाहेर पडण्याच्या आड येऊ लागते, त्या दिवशी रंग सोडण्याचा विचार दोघांनी करायला हरकत नाही. खांद्यापर्यंतचे केस पूर्ण पांढरे व्हायला दोनेक वर्षे लागतात, आणि मधला दुरंगी काळ सर्वांत कठीण असतो. त्या काळात केस आखूड ठेवावेत, आणि नवऱ्यानेही रंग सोडावा की नाही यावर मोकळेपणे बोलावे. एकाचे केस काळे कुळकुळीत आणि शेजारी दुसरी चंदेरी, असे चित्र झाले की ‘या तुमच्या मोठ्या बहीण का?’ हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. दोघांनी एकच निर्णय घ्यावा असे नाही, पण निर्णय घेताना त्या प्रश्नाला तोंड कोण देणार, याची आठवण असावी.

चेहरा

इथे सर्वांत मोठा धोका घरातल्याच औषधाच्या डब्यात असतो. नवऱ्याच्या गजकर्णासाठी आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम बायको गालांना लावते, कारण पहिल्या काही दिवसांत त्याने चेहरा उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल रेषा उमटतात, मुरुम आणि चेहऱ्यावर लव वाढते, आणि मलम थांबवले की इतकी आग होते की माणूस पुन्हा तेच लावतो. त्वचेवर लावण्याची अनेक स्टेरॉइड मलमे २०१८ साली केंद्र सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज न विकण्याच्या यादीत टाकली, तरी गल्लीतल्या दुकानात ती सहज मिळतात. असे मलम महिनोन्महिने लावले असेल तर ते मनाने एकदम बंद करू नये; त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन टप्प्याटप्प्याने सोडावे. बिनालेबलची किंवा परदेशी असल्याचे सांगून विकली जाणारी गोरेपणाची क्रीमे तर घरातच आणू नयेत. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली अशा क्रीमांतील पाऱ्यामुळे मूत्रपिंडाचा विकार झालेले अनेक रुग्ण आढळले.

वांग आणि सुरकुत्या यांवर सर्वांत उपयोगी उपाय स्वस्त आणि कंटाळवाणा आहे : किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन पुरेशा प्रमाणात रोज लावणे, उन्हात दोन-तीन तासांनी पुन्हा लावणे, आणि तंबाखू, सिगारेट व मिश्री सोडणे. दुचाकीवर मागे बसणारीने स्कार्फ बांधायचा आणि चालवणाऱ्याने उघडे तोंड उन्हात धरायचे, हेही तर्काला धरून नाही.

बोटुलिनम विषाची, म्हणजे बोटॉक्सची, इंजेक्शने कपाळावरच्या आठ्या सैल करतात, हे खरे आहे; त्यांचा परिणाम तीन-चार महिने टिकतो, म्हणजे हा कायमचा हप्ता आहे. सुरकुत्या भरून काढणारी भरावाची इंजेक्शने (फिलर) चुकून रक्तवाहिनीत गेली तर क्वचित दृष्टीही जाते, म्हणून ती सलूनमध्ये किंवा कुणाच्या दिवाणखान्यात घेऊ नयेत. ज्या उपचाराला पुन्हा पुन्हा पैसे लागतात, त्याचा वर्षभराचा खर्च कागदावर मांडून दोघांच्या संमतीनेच तो सुरू करावा. कर्ज काढून तर नाहीच.

टक्कल

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचे औषध आहे. टाळूला लावल्यावर त्याचा गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात, सुरुवातीला केस उलट जास्त गळतात, आणि ते थांबवले की मिळालेले केसही जातात. रात्री लावल्यावर ते नीट वाळू द्यावे, नाहीतर उशीवरून जोडीदाराच्या गालाला लागून तिथे लव येऊ शकते. केसगळती रोखण्यासाठी दिली जाणारी फिनास्टेराइडची गोळी काही पुरुषांत कामेच्छा कमी करते किंवा ताठरता बिघडवते. ही गोळी बायकोपासून लपवून घेणाऱ्या नवऱ्याच्या घरात काय घडते, याची कल्पना करावी : तो दूर राहू लागतो, आणि कारण ठाऊक नसल्यामुळे ती दोष स्वतःच्या शरीरात शोधते. त्याच गोळीने पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) पीएसए या रक्ततपासणीतला आकडा सुमारे निम्मा दिसतो, म्हणून ती तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना गोळीविषयी सांगावेच लागते. घरात सून गरोदर असेल तर तुटलेली गोळी तिच्या हाताला लागू देऊ नये.

केशरोपण ही शस्त्रक्रिया आहे. मुंबईत २०१९ साली एका त्रेचाळीस वर्षांच्या व्यावसायिकाने एकाच बैठकीत ९,५०० ग्राफ्ट (मुळांसह काढलेले केसांचे छोटे पुंजके) लावून घेतले आणि त्यानंतर तीव्र ॲलर्जीने त्याचा मृत्यू झाला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली हे काम प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावे असे स्पष्ट केले. म्हणून शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार, त्याचा नोंदणी क्रमांक काय आणि जवळ अतिदक्षता विभाग कुठे आहे, हे तीन प्रश्न बायकोने समोर बसून विचारावेत. नवरा भिडेखातर विचारत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

खोलीचे दार लावल्यावर

तारुण्याच्या हव्यासाचा सर्वांत खोल पेच इथे असतो आणि त्यावर सर्वांत कमी बोलले जाते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. त्याच सुमारास झोप उडते, अंगातून वाफा निघतात, योनिमार्ग कोरडा होतो आणि संबंध दुखू लागतात. पुरुषाची ताठरताही याच वयात कमी होऊ लागते. दोघांची शरीरे एकाच वेळी बदलत असतात, पण प्रत्येकजण दुसऱ्याचा बदल स्वतःवरचा शेरा म्हणून वाचतो. तिला वाटते, मी आता आवडत नाही. त्याला वाटते, ही मला टाळते. मग तो बाहेर कुणाच्या कौतुकात तारुण्य शोधतो किंवा जाहिरातीतली पुडी आणतो, आणि ती पार्लरमध्ये अधिक पैसे घालवते.

यावर पहिला उपाय म्हणजे दोघांनी आपापले बदल शब्दांत सांगणे, आणि दुसरा म्हणजे योग्य डॉक्टरकडे एकत्र जाणे. कोरडेपणासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ वंगण किंवा स्थानिक इस्ट्रोजेनचे क्रीम सुचवतात आणि बहुतेकींना त्याने आराम पडतो. ताठरतेची तक्रार मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराची पहिली सूचना असू शकते, म्हणून तिथे लाजण्यापेक्षा तपासणी करून घेणे शहाणपणाचे. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिल हे ताठरतेचे औषध कधीही घेऊ नये, कारण दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जातो. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या पुड्यांत हेच औषध मिसळलेले अनेकदा सापडले आहे. औषधे नियम, १९४५ मधील अनुसूची ‘जे’ मध्ये ५१ अशा बाबी आहेत ज्यांवर कोणत्याही औषधाला गुणाचा दावा करता येत नाही. टक्कल, अकाली पिकलेले केस, त्वचेचा गोरेपणा, अकाली वार्धक्य आणि पुन्हा तरुण करण्याची शक्ती ही त्यातलीच. तसा दावा छापलेली बाटली दिसली की ती विकत न घेता दुकानातच ठेवून द्यावी.

च्यवनप्राशाच्या नावामागची गोष्ट यानिमित्ताने सांगण्यासारखी आहे. शर्याती राजाची मुलगी सुकन्या जराजर्जर च्यवन ऋषींना दिली गेली. अश्विनीकुमारांनी तिला म्हाताऱ्याला सोडून आमच्यातला एक निवड असे सुचवले, ते तिने नाकारले. मग त्यांनी च्यवनांना तरुण करण्याची तयारी दाखवली, पण डोहातून तिघे एकाच रूपाचे बाहेर येतील आणि तिने त्यातून एक निवडावा, अशी अट घातली. सुकन्येने नवऱ्याला विचारले, त्याच्या संमतीने होकार दिला, आणि तिघा सारख्याच तरुणांतून आपला नवरा बरोबर ओळखला. बाजाराने यातले तारुण्य तेवढे उचलले. उपचाराआधी नवरा-बायकोची झालेली चर्चा कुणी बरणीवर छापली नाही. बाकी मधुमेह असणाऱ्याने बरणीतल्या साखरेकडे लक्ष ठेवावे.

नाकारलेले चष्मे, दात आणि श्रवणयंत्र

विकत घेतलेल्या गोष्टींपेक्षा नाकारलेल्या गोष्टी संसाराला महाग पडतात, असे माझे मत आहे. चाळिशी लावायची नाही म्हणून पेपर हात लांब करून वाचणारा नवरा औषधाच्या पट्टीवरची तारीखही वाचत नाही आणि ते काम बायकोवर येते. पडलेले दात न बसवता महागडे क्रीम घेणारी बायको विसरते की दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजते, गाल आत जातात आणि चेहरा म्हातारा दिसण्यात त्याचाही मोठा वाटा असतो.

सर्वांत वाईट स्थिती श्रवणयंत्राची. वयानुसार येणारा बहिरेपणा आधी वरच्या पट्टीत येतो, त्यामुळे स्त्रियांचे आणि लहान मुलांचे बोलणे आधी अस्पष्ट होते, तर मित्रांचे जाड आवाज नीट ऐकू येत राहतात. ‘माझे कान ठणठणीत आहेत, तूच पुटपुटतेस’ हे वाक्य म्हणूनच इतक्या घरांत ऐकू येते. यंत्राने म्हातारे दिसू या भीतीने नवरा दहा-दहा वर्षे तपासणी टाळतो. त्या काळात ती प्रत्येक वाक्य दोनदा बोलते, टीव्हीच्या आवाजाने तिचे डोके दुखते, शेजाऱ्यांना रोज भांडण चालू असल्यासारखे वाटते, आणि हळूहळू ती बिनमहत्त्वाचे, म्हणजे गमतीचे आणि मायेचे, बोलणे सोडून देते. मध्यम वयातल्या उपचार न केलेल्या बहिरेपणाचा स्मृतिभ्रंशाशी संबंध आढळला आहे, हे वेगळेच. पन्नाशीनंतर एकदा दोघांनीही ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची ऐकण्याची तपासणी, करून घ्यावी. एकट्याला पाठवले की तो आरोप वाटतो. यंत्र सुचवले गेले तर घेण्यापूर्वी काही दिवस घरी वापरून पाहण्याची सोय मागावी, आणि आवाज जुळवून घेण्यासाठी ऑडिओलॉजिस्टकडे दोन-तीन फेऱ्या होतील हे धरून चालावे. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजही कर्कश वाटतो, आणि पुष्कळ यंत्रे त्याच आठवड्यांत कपाटात जातात. तेवढ्या काळात बायकोने हळू बोलून साथ द्यावी.

जोडीदाराने ऐकलेच नाही तर

शरीर ज्याचे त्याचा शेवटचा शब्द, हे मान्य करूनच चालावे. रंग, क्रीम किंवा शस्त्रक्रिया करू नको अशी सक्ती करता येत नाही. सामायिक पैशाला आणि सामायिक आयुष्याला झळ लागते तिथे मात्र बोलण्याचा हक्क पूर्ण आहे. आरशासमोर रोज तासन्‌तास जाणे, इतरांना न दिसणाऱ्या व्यंगाचा ध्यास, एकामागून एक उपचार करूनही समाधान नसणे, लोकांत जाणे बंद होणे ही लक्षणे दिसली तर तो विषय सौंदर्याचा राहत नाही. अशा वेळी पुढचा उपचार थांबवून मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आणि मतभेद असूनही जोडीदार एखादी शस्त्रक्रिया करून घ्यायला निघालाच, तर रुसून घरी बसू नये. सोबत जावे, त्याच्या चालू औषधांची आणि ॲलर्जीची यादी लिहून न्यावी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवायच्या की नाहीत हे डॉक्टरांना विचारून घ्यावे, संमतीपत्र त्याने सही करण्याआधी दोघांनी वाचावे आणि बिलाची व वापरलेल्या औषधांच्या लेबलांची प्रत घरी आणून ठेवावी.